सात बाय पन्नास

नेर्लेकरांनी पाठवलेली दोन्ही खोकी मी जेवणाच्या टेबलावर उघडली, तेव्हा शैलजा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला भेंडी चिरत होती.

मोठ्या खोक्यातून वीस बाय ऐंशी दुर्बीण निघाली. स्पंजमध्ये आडवी ठेवलेली, काळीभोर, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या अंतरापेक्षाही लांब. लहान खोक्यात सात बाय पन्नास होती. तिला कातडी पिशवी होती आणि गळ्यात अडकवायचा पट्टा.

"पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते तो," मी म्हणालो. "दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. खरा महत्त्वाचा दुसरा. भिंग जितकं रुंद..."

"तितका प्रकाश जास्त," शैलजा म्हणाली. "मी नववीला शिकवलंय हे."

"मग हिशेब कर. ऐंशीचा वर्ग भागिले पन्नासचा वर्ग."

"अडीचपट. थोडं जास्तच."

"म्हणजे प्रश्न मिटला."

तिने सुरी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि मोठी दुर्बीण उचलून डोळ्यांना लावली. खिडकीतून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसत होती. थोड्या वेळाने तिचे हात खाली आले.

"टाकी नाचतेय," ती म्हणाली.

"ही हातात धरायची नसतेच. ट्रायपॉडवर लावायची."

मग तिने लहान उचलली. पट्टा गळ्यात घातला, कोपरं बरगड्यांना टेकवली आणि बराच वेळ बघत राहिली. भेंडी तशीच राहिली होती.

"मला ही बरी वाटते," ती म्हणाली. "एकटीला उचलता येते."

"एकटी कशाला उचलशील? मी आहे की."

तिने पट्टा गळ्यातून काढला आणि पुन्हा सुरी उचलली.

ही गोष्ट १९९९ च्या मे महिन्यातली. मी कराडला पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मूल नव्हतं, आणि त्याबद्दल बोलणं आम्ही पाचेक वर्षांपूर्वी थांबवलं होतं. शैलजा मिरजेची, बी.एस्सी., बी.एड. कराडच्या एका शाळेत ती कुणाच्या तरी रजेच्या जागेवर शिकवत होती. त्या बाई परत आल्या आणि एप्रिलमध्ये तिचं काम संपलं. आकाशदर्शनाचा नाद मूळ माझा. लग्नानंतर तो तिलाही लागला. माझ्याकडे एक जुनी टेलिस्कोप होती. दर अमावास्येच्या आसपास आम्ही ती घेऊन गावाबाहेर जायचो. मी तारा शोधून नळी लावून द्यायचो, बाजूला व्हायचो आणि म्हणायचो, "ये, बघ आता." मागच्या पावसाळ्यात त्या टेलिस्कोपच्या भिंगाला बुरशी लागली. मग पुण्याच्या नेर्लेकरांना लिहिलं. ते दुर्बिणी विकायचे, माझी जुनी ओळख होती. त्यांनी दोन्ही पाठवल्या आणि लिहिलं, अमावास्येला दोन्ही वापरून पाहा, हवी ती ठेवा, दुसरी महिनाअखेर परत करा.

त्या आठवड्यात घरात दुसरा विषय नव्हता. म्हणजे मला तरी असं वाटत होतं.

"लहान दुर्बिणीत निम्मे तारकागुच्छ नुसते धुरासारखे दिसणार," मी जेवताना म्हणायचो.

"पण सापडतील पटकन. तिच्यात आकाशाचा तुकडा दुप्पट रुंद दिसतो."

"सापडून काय करायचं, नीट दिसणार नसेल तर?"

"आणि नीट दिसून काय करायचं, न्यायलाच जमणार नसेल तर?" ती म्हणाली. "ती दुर्बीण सव्वादोन किलोची. ट्रायपॉड पाच किलोचा. आपल्याकडे स्कूटर आहे, जीप नाही."

"बघ कसं बसवतो सगळं."

बुधवारी बसवायला गेलो आणि ते बसेना. चाफळच्या वरच्या पठारावर जायचं होतं. ऑफिसमधून लवकर निघून आलो होतो. मोठं खोकं स्कूटरवर पायांजवळ उभं ठेवलं. ट्रायपॉड मागच्या सीटवर दोरीनं आडवा बांधला, तर शैलजाला बसायला जागा उरली नाही. उभा बांधून पाहिला, तर तो तिच्या पाठीत रुतत होता. ती चपला घालून, डोक्याला रुमाल बांधून फाटकात उभी होती. हातात डब्याची पिशवी होती.

"तुम्ही जाऊन या," शेवटी ती म्हणाली. "वेळ जाईल नाहीतर."

"तुला चालेल?"

"शनिवारी अमावास्या आहेच. तेव्हा बघू काहीतरी."

तिने डब्यातलं अर्धं जेवण माझ्यासाठी वेगळं बांधून दिलं. मी गेलो. पठारावर वारा होता, पण आकाश स्वच्छ होतं. मधमाश्यांचं पोळं म्हणतात तो तारकागुच्छ मी त्या मोठ्या दुर्बिणीतून पाहिला आणि खरं सांगतो, माझ्या तोंडून आवाज निघाला. काळ्या कापडावर मीठ सांडावं तसं होतं ते. साडेअकराला घरी आलो. शैलजा जागी होती. दिवा लावून टेबलाशी बसली होती, समोर लहान दुर्बीण आणि एक लिफाफा होता. मी बूटही न काढता सांगायला लागलो. पोळं कसं दिसलं, शेजारचे दोन मंद तारेही कसे दिसले, ट्रायपॉडचा स्क्रू कसा आधी घट्ट करायचा. बराच वेळ बोलत होतो. ती ऐकत होती.

"तू काय केलंस?" मी झोपताना विचारलं.

"गच्चीवर होते. हिच्यातून बघत होते."

"गच्चीवरून काय दिसणार? रस्त्यावर दिवे आहेत."

"थोडं दिसलं," ती म्हणाली आणि दिवा घालवला.

शनिवारी मी तोडगा काढला. ट्रायपॉडचे पाय सोडवून त्यांची मोळी केली आणि ती शैलजाने मांडीवर आडवी धरायची असं ठरलं. लहान दुर्बीण तिच्या गळ्यात होती. पाचला निघालो. उंब्रजपर्यंत रस्ता बरा होता. पुढे चढावर दोन वेळा तिला उतरावं लागलं. ती मोळी खांद्यावर घेऊन चालत वर आली आणि मी वळणावर स्कूटर थांबवून वाट पाहिली. ती घामाने निथळत होती. समोर येऊन म्हणाली, "सात किलो म्हणजे किती ते आज कळलं."

"पाचच आहे ते."

"मग मी चुकले असेन," ती म्हणाली आणि मागे बसली.

पठारावर पोचलो तेव्हा सूर्य बुडत होता. आम्ही कड्याच्या अलीकडे एका सपाट कातळावर सतरंजी टाकली. पश्चिमेला ढग होते, अधूनमधून त्यांच्यात वीज हलायची, पण दक्षिण मोकळी होती. त्या दिवशी मला नरतुरंगातला मोठा तारकागुच्छ बघायचा होता. आपल्याकडून तो क्षितिजाजवळच दिसतो, मे महिन्यात संध्याकाळनंतर. लाखो तारे एका गोळ्यात. मी तो कधीच पाहिला नव्हता. टेलिस्कोपने तीनदा प्रयत्न केला होता.

जेवण झालं. नऊ वाजता मी ट्रायपॉड लावला, दुर्बीण चढवली आणि शोधायला सुरुवात केली. वारा वाढला होता. वीसपट जवळ आलेलं आकाश वीसपट हलतही होतं. ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला मी दगडाची पिशवी लटकवली. नकाशा सतरंजीवर पसरला, वर टॉर्च, टॉर्चला लाल कागद. एका ताऱ्यावर जायचो, तिथून दोन बोटं खाली, तिथून उजवीकडे, आणि हरवायचो. पुन्हा पहिल्यापासून. पाऊण तास गेला असेल. मान दुखायला लागली.

शैलजा मागे कातळाला पाठ टेकून, गुडघ्यांवर कोपरं ठेवून बसली होती.

"सापडला मला," ती म्हणाली.

"काय?"

"तोच. नरतुरंगातला."

"नाही ग. इतक्यात नाही सापडत तो."

"चित्रेपासून सरळ खाली आले. गच्चीवर बुधवारी तसंच करून बघितलं होतं, पण तिथे खाली घरांचा उजेड होता. आता दिसतोय."

"एखादा अंधुक तारा असेल. चुकतेयस तू."

"तारा टोकदार दिसतो. हा टोकदार नाही. कापसासारखा आहे."

"आण बघू."

"नको," ती म्हणाली. मला तिचा तो शब्द लक्षात आहे, कारण तो तिने शांतपणे उच्चारला होता. "माझी जागा सुटेल. तुम्ही तुमची दुर्बीण फिरवा, मी सांगते."

ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. स्वतःची दुर्बीण तिने डोळ्यांवरून काढली नाही.

"चित्रा धरा आधी. धरलीत? आता सरळ खाली या. सरळ म्हणजे सरळ, डावीकडे नाही. अजून. अजून बरंच. दोन तारे शेजारी शेजारी लागतील."

"लागले."

"त्यांच्याही खाली. हळू. थांबा."

मी थांबलो. तो तिथे होता.

मोठ्या दुर्बिणीत तो नुसता कापूस नव्हता. कडेला दाणे सुटे दिसत होते, मध्ये इतके दाट की मोजायचा विचारही मनात येऊ नये. मी किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. मग एकदम भान आलं आणि मी बाजूला झालो.

"ये, बघ आता," मी म्हणालो. "यात बघ. लहानीत तुला हे दाणे दिसले नसतील."

"नाही दिसले."

ती वाकली आणि तिने डोळे लावले. खूप वेळ लावले. वाऱ्याने तिचा पदर ट्रायपॉडला अडकत होता, तो मी सोडवून धरला.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "खरंच. तुमचं बरोबर होतं. मोठी ती मोठीच."

"मग ठरलं?"

"ठरलं. मोठी तुम्ही ठेवा. लहान मी घेऊन जाते."

"कुठे?"

ती सरळ झाली. "जव्हारला. जव्हारच्या पुढे मुलींची निवासी शाळा आहे. त्यांना विज्ञानाला बाई हव्या होत्या. मार्चमध्ये जाहिरात दाखवली होती तुम्हाला."

मला आठवलं. मी रविवारची पुरवणी वाचत होतो. 'इतक्या लांब कोण जातं,' असं म्हणून मी पान उलटलं होतं.

"मुलाखत कधी झाली?"

"एप्रिलमध्ये. दादाकडे मिरजेला गेले होते ना चार दिवस? दोन दिवस मिरज, दोन दिवस जव्हार. मंगळवारी त्यांचं पत्र आलं. नऊ जूनला हजर व्हायचंय."

"किती दिवसांसाठी?"

"नोकरी आहे. तिथेच राहायचं. बाईंना खोली देतात."

"मला का नाही सांगितलंस?"

"बुधवारी सांगणार होते. पत्र घेऊन बसले होते. तुम्ही आलात आणि बोलत होतात."

ढगात वीज हलली आणि तिचा चेहरा क्षणभर दिसला. ती रडत नव्हती. मला वाटतं, ती माझ्याकडे बघतही नव्हती. दक्षिणेकडेच बघत होती.

"माझं काही चुकलं का?" मी विचारलं.

"तसं चुकलं काही नाही," ती म्हणाली. मग गळ्यातला पट्टा नीट करत, "तुम्ही मला कधी त्रास दिला नाहीत. हे मी दादालाही सांगितलंय. पण मी छत्तीस वर्षांची आहे. कराडात मी दिवसभर काय करते ते तुम्हाला सांगता येईल का?"

मी विचार केला. भेंडी आठवली, धुणं आठवलं, शाळा सुटली होती. पुढे काही येईना.

"वारा वाढलाय," मी म्हणालो. "आवरूया."

उतरताना तिने ट्रायपॉड पुन्हा मांडीवर धरला. घरी पोचेपर्यंत आम्ही बोललो ते फक्त रस्त्याबद्दल. खड्डा आहे, ट्रक आहे, एवढंच.

सोमवारी मी एक गोष्ट केली. ती आजवर कुणाला सांगितलेली नाही. शैलजा बँकेत गेली असताना मी लहान दुर्बीण खोक्यात भरली, पुण्याला जाणाऱ्या एका सहकाऱ्याच्या हाती दिली आणि नेर्लेकरांना चिठ्ठी लिहिली, मोठी ठेवली आहे, ही परत. तिच्या जाण्याच्या तयारीतली एक वस्तू कमी झाली तर ती निदान थांबून विचार करेल, असं काहीतरी तेव्हा मनात असावं.

तिने संध्याकाळी कपाट उघडलं.

"दुर्बीण कुठे आहे?"

"नेर्लेकरांचा ऑफिसात फोन आला होता. दुसऱ्या गिऱ्हाइकाला तातडीने हवी होती. द्यावी लागली."

ती कपाटाचं दार धरून उभी राहिली. "बरं," म्हणाली आणि दार लावलं.

सात जूनला मी तिला कराडच्या स्टँडवर सोडलं. एक ट्रंक, एक वळकटी. पुण्याला आणि नाशिकला गाडी बदलायची होती. मी पुण्यापर्यंत येतो म्हणालो, ती नको म्हणाली. गाडी सुटताना तिने खिडकीतून सांगितलं की गॅसचं पुस्तक देवघराच्या फळीवर आहे.

आम्ही वेगळे झालो असं कुणी म्हणालं नाही. नातेवाइकांना मी सांगायचो, नोकरी आहे तिकडे. दिवाळीला ती आठ दिवस आली, फराळ केला, परत गेली. ती त्या शाळेत चौदा वर्षं होती. शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापिका. माझी मोठी दुर्बीण मी त्या हिवाळ्यात दोनदा पठारावर नेली. तिसऱ्यांदा नेली नाही. ती नीट पुसून, वाळवून कपाटात ठेवली.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मी पहिल्यांदा तिच्याकडे गेलो. कळवलं नव्हतं. दोन दिवस रजा काढली, नाशिकला रात्र काढली आणि दुपारी चारच्या सुमाराला शाळेच्या फाटकाशी उतरलो. कौलारू इमारती, लाल मातीचं मैदान, मागे साग. एका मुलीने मला तिच्या खोलीपाशी नेऊन सोडलं.

शैलजाने मला पाहून दार पूर्ण उघडलं. "या," म्हणाली. ती थोडी काळवंडली होती आणि केस आखूड केले होते. खोलीत एक कॉट होती, एक टेबल, स्टोव्ह. खिडकीजवळच्या खिळ्याला सात बाय पन्नास लटकत होती.

मी दुर्बिणीकडे बघतोय हे तिने पाहिलं.

"जूनमध्येच नेर्लेकरांना पत्र टाकलं," ती स्टोव्ह पेटवत म्हणाली. "विचारलं, ती दुर्बीण त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिलीत का, तशी अजून एक मिळेल का. त्यांनी लिहिलं, दुसरं गिऱ्हाईक कुणीच नव्हतं, आणि हीच पाठवून दिली."

मी कॉटच्या कडेवर बसलो होतो. खोटं सहा महिने तिच्याजवळ होतं. ते घेऊन ती दिवाळीला आली होती, चकल्या तळल्या होत्या, माझ्या सदऱ्याची बटणं लावून गेली होती.

"शैलजा," मी म्हणालो, "ते मी..."

"कळलं मला. साखर कमी घेता ना अजून?"

"हो."

तिने चहा दिला. आम्ही दोघे तो प्यायलो. मग ती म्हणाली, "साडेसातला मुली मैदानावर येतात. आज अमावास्या आहे. थांबणार असाल तर या. थंडी पडते, शाल घ्या."

साडेसातला मैदानावरचे दिवे घालवले. चाळीसेक मुली चटयांवर ओळीने उताण्या झोपल्या होत्या, अंगावर घोंगड्या. डोक्यावर इतके तारे होते की ओळखीची नक्षत्रंही मला आधी सापडेनात. शैलजा ओळीच्या टोकाला उभी होती. तिने टॉर्चसुद्धा लावली नाही. नुसतं बोलून सांगत होती. देवयानीतली दीर्घिका कुठे आहे, कोणत्या ताऱ्यापासून किती वर जायचं. दुर्बीण ओळीतून हातोहात पुढे सरकत होती. प्रत्येकीला तिसापर्यंतचा वेळ. शैलजा मोठ्याने मोजायची, तीस झाले की दुर्बीण शेजारणीकडे.

"तुम्ही तिकडे शेवटी," तिने मला सांगितलं. शेवटची मुलगी सरकली आणि तिने चटईवर मला जागा करून दिली. मी आडवा झालो.

माझ्यापर्यंत यायला बराच वेळ लागला. मुलींना दीर्घिका सापडत होती, एखादी "दिसली, बाई!" म्हणून ओरडायची आणि शैलजा मोजणं न थांबवता "छान" म्हणायची. मग दुर्बीण माझ्या हातात आली. माणसांच्या हातांनी ती गरम झाली होती. मी डोळ्यांना लावली. सगळं अस्पष्ट होतं. मधलं चाक कोणत्या बाजूला फिरवायचं ते मला माहीत नव्हतं. आठवडाभर ती आमच्या घरात होती, पण मी तिला एकदाही नीट हाताळलं नव्हतं. चाक फिरवलं, तारे बारीक झाले, तेवढ्यात कुठला तारा कुठला ते हरवलं.

"अठ्ठावीस," शैलजा म्हणाली. "एकोणतीस. तीस."

अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता.

"सापडली?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"मग पुन्हा पहिल्यापासून," ती सगळ्यांना म्हणाली. "दुसरी फेरी."

दुर्बीण हातोहात मागे पहिल्या मुलीकडे गेली आणि शैलजाने पुन्हा एकापासून मोजायला सुरुवात केली. मी शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि माझ्या पाळीची वाट पाहत पडून राहिलो.